गादी राखली, राज्य घेतले : लॉर्ड लुगार्ड यांचे जीवन

इ. स. १८५८ च्या जानेवारीच्या २२ तारखेस मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात एका इंग्रज धर्मोपदेशकाच्या घरी मुलगा जन्मला. सत्तावनचा वणवा अद्याप विझला नव्हता. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आझमगडच्या परिसरात वृद्ध कुंवरसिंहाच्या पाठलागावर असलेल्या ब्रिटिश फौजेचा सेनानी सर एडवर्ड लुगार्ड हा या मुलाचा काका. मद्रासच्या बिशपचे डील्ट्री हे आडनाव मुलाच्या नावात गुंफले गेले आणि तो फ्रेडरिक जॉन डील्ट्री लुगार्ड झाला. हिंदुस्थानात जन्मलेला हा मुलगा पुढे आफ्रिकेतील दोन मोठ्या प्रदेशांचा भाग्यविधाता ठरला. आज ज्यांना युगांडा आणि नायजेरिया म्हणून जग ओळखते, त्या दोन्ही देशांच्या घडणीत त्याचा हात आहे. त्यांच्या आजच्या दुखण्यांची मुळे शोधू लागल्यासही तोच हात दिसू लागतो.

लुगार्ड लहान असतानाच कुटुंब इंग्लंडला परतले. १८६५ मध्ये आई वारली. ती स्वतः मिशनकार्यात वाढलेली स्त्री होती आणि तिची धर्मनिष्ठा मुलाच्या मनात खोल रुतून राहिली. पुढे चर्चवरील श्रद्धा पातळ झाली, तरी कर्तव्याचा कडवेपणा गेला नाही. घरची स्थिती बेताची होती. १८७८ मध्ये तो सैन्यात अधिकारी झाला आणि त्याची पलटण हिंदुस्थानात असल्याने जन्मभूमीस परत आला. दुसरे अफगाण युद्ध, १८८५ मधील सुदानची मोहीम, त्यानंतर ब्रह्मदेशाची मोहीम असा त्याचा क्रम चालला. देह लहानखुरा आणि काटक, शिकारीचा नाद मोठा, पगार थोडा. ब्रह्मदेशातील कामगिरीबद्दल त्याला सन्मानपदकही मिळाले. इतकेच घडते तर हिंदुस्थानी लष्करातील शेकडो अधिकाऱ्यांप्रमाणे तो निवृत्तीनंतर इंग्लंडातील एखाद्या गावी बागकाम करीत राहिला असता.

परंतु लखनौमध्ये त्याचे एका स्त्रीवर मन जडले होते. ब्रह्मदेशात असताना तिला अपघात झाल्याची वार्ता आली. तो सारे सोडून लखनौस धावला, तो ती इंग्लंडला निघून गेलेली. तो मागोमाग इंग्लंडला गेला आणि तेथे ती दुसऱ्याच्या सहवासात रमलेली त्याला आढळली. या आघाताने तो इतका खचला की त्याला जगण्याची इच्छा उरली नाही. १८८७ च्या अखेरीस खिशात जेमतेम पैसे घेऊन, जहाजाच्या उघड्या तक्त्यावरचा उतारू म्हणून तो आफ्रिकेकडे निघाला. मरण यावयाचेच असेल तर ते गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढताना यावे, एवढाच त्याचा हेतू होता. साम्राज्याचा नकाशा रंगविण्यास निघालेला हा मनुष्य नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पुढच्या गोष्टीतील विपर्यास त्यामुळेच अधिक उठून दिसतो.

त्या वेळी आफ्रिकेत युरोपीय राष्ट्रांची झुंबड उडाली होती. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत बिस्मार्कच्या अध्यक्षतेखाली युरोपातील सत्तांनी किनारे, नद्या आणि व्यापाराचे नियम ठरविले. त्या टेबलाभोवती एकही आफ्रिकी मनुष्य नव्हता. ब्रिटिश सरकारला भूमी हवी होती, पण खर्च नको होता. तेव्हा त्याने जुनाच मार्ग काढला. ज्या कंपनी सरकारचा अनुभव हिंदुस्थानाने घेतला होता, तसलीच सनदी कंपन्यांची नवी पिढी त्याने उभी केली. १८८६ मध्ये नायजर नदीकाठी जॉर्ज गोल्डीची रॉयल नायजर कंपनी, १८८८ मध्ये विल्यम मॅकिनॉनची पूर्व आफ्रिका कंपनी आणि १८८९ मध्ये सेसिल ऱ्होड्सची दक्षिण आफ्रिका कंपनी. व्यापार करावा, तह करावे, फौज ठेवावी, आणि नफा नाही झाला तर देश सरकारच्या स्वाधीन करून मोकळे व्हावे, अशी ही रीत. लुगार्डने पुढील दहा वर्षांत यांतील दोन कंपन्यांची चाकरी केली.

प्रथम मात्र तो न्यासा सरोवराच्या उत्तर टोकाला करोंगा येथे पोचला. तेथे म्लोझी नावाच्या गुलामव्यापाऱ्याने ब्रिटिश व्यापाऱ्यांचे ठाणे वेढले होते. १८८८ च्या जूनमध्ये म्लोझीच्या लाकडी तटावर हल्ला करताना लुगार्डला गोळी लागली. ती एका हातातून शिरून छातीला चाटून दुसऱ्या हाताच्या मनगटाची हाडे फोडून गेली. मरण हवे होते त्याला मरण आले नाही. हात मात्र कायमचा दुबळा झाला. म्लोझीचा तटही त्याला घेता आला नाही. ते काम सात वर्षांनी दुसऱ्यांनी केले.

१८९० मध्ये पूर्व आफ्रिका कंपनीने त्याला युगांडाकडे धाडले. घाईचे कारण जर्मन होते. कार्ल पीटर्स नावाच्या जर्मन साहसिकाने त्याच वर्षी बुगांडाच्या राजाशी परस्पर तह करून टाकला होता. नाईल नदीचा उगम जर्मनांच्या हाती गेला तर ईजिप्त आणि पर्यायाने हिंदुस्थानचा जलमार्गही धोक्यात येईल, अशी लंडनमधील मुत्सद्द्यांची धास्ती होती. १ जुलै १८९० रोजी ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात करार झाला. उत्तर समुद्रातील हेलिगोलँडचे खडकाळ बेट जर्मनीला देऊन ब्रिटनने झांझिबार आणि युगांडा आपल्या पदरात पाडून घेतले. पीटर्सचा तह रद्दीत गेला. बुगांडाच्या राजाला या अदलाबदलीची कल्पनाही नव्हती.

मोंबासाहून निघालेली लुगार्डची तुकडी वाटेत किकुयू प्रदेशात थांबली. दागोरेती येथे त्याने ठाणे बांधले आणि तेथील वायाकी या प्रमुखाशी त्या प्रदेशाच्या रीतीप्रमाणे रक्ताचे बंधुत्व जोडले. लुगार्डने ही शपथ मनापासून घेतली असावी. त्याच्या पुढच्या वागण्यावरून तसे वाटते. परंतु तो पुढे निघून गेल्यावर ठाण्यातील कंपनीच्या लोकांनी लूटमार केली, ठाणे जाळले गेले, आणि १८९२ मध्ये दुसऱ्या अधिकाऱ्यांनी वायाकीला कैद करून किनाऱ्याकडे नेले. वाटेतच किब्वेझी येथे तो मरण पावला. शपथ एका माणसाने घेतली होती आणि ती पाळण्याची जबाबदारी एका कंपनीवर पडली होती. आफ्रिकेतील असंख्य तहांची कथा याहून निराळी नाही.

१८ डिसेंबर १८९० रोजी लुगार्ड बुगांडाच्या राजधानीजवळ पोचला. राजाने जागा नेमून देईपर्यंत बाहेर थांबण्याचा दरबारी शिष्टाचार होता. तो न पाळता त्याने थेट कंपालाच्या टेकडीवर तळ ठोकला. जवळ थोडेसे शिपाई आणि एक जुनी, झिजलेली मॅक्झिम तोफ होती. बुगांडा हे काही रानटी टोळ्यांचे माळरान नव्हते. राजा, मुख्य प्रधान, प्रांताधिकारी, रुंद रस्ते आणि सरोवरावर नौकांचे आरमार असलेले ते सुसंघटित राज्य होते. ‘कबाका’ या पदवीचा तेथील राजा म्वांगा तरुण, चंचल आणि संशयी होता. त्याने आपल्या दरबारातील अनेक ख्रिस्ती सेवकांना १८८५ ते १८८७ या काळात ठार मारविले होते. पुढे त्याला पदच्युत व्हावे लागले आणि अखेर ख्रिस्ती सरदारांच्याच मदतीने गादी परत मिळाली. आता ते सरदार दोन तटांत विभागले होते. इंग्रज मिशनऱ्यांचे प्रॉटेस्टंट शिष्य स्वतःस ‘इंग्लेझा’ म्हणवीत आणि फ्रेंच पाद्र्यांचे कॅथलिक शिष्य ‘फ्रान्सा’. युरोपातील दोन राष्ट्रांचे वैर, ती राष्ट्रे कधी न पाहिलेल्या लोकांनी आपले म्हणून अंगावर घेतले होते. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, म्वांगाने नाराजीने कंपनीच्या संरक्षणाचा तह मान्य केला.

तोफ जुनी आणि शिपाई थोडे. म्हणून लुगार्ड १८९१ मध्ये पश्चिमेकडे गेला आणि एमिन पाशाबरोबरच्या फौजेतील मागे राहिलेल्या सुदानी शिपायांना त्याने आपल्या सेवेत आणले. वाटेत बुन्योरोच्या काबारेगा या पराक्रमी राजाशी चकमकी झाल्या आणि तोरो या लहान राज्यात कासागामा नावाच्या राजपुत्राला त्याने गादीवर बसविले. पुढे आयुष्यभर वापरलेल्या डावाचा हा पहिला प्रयोग म्हणता येईल. राज्य खालसा न करता आपला मनुष्य गादीवर बसवावयाचा, असा तो डाव होता.

१८९२ च्या जानेवारीत एका बंदुकीवरून झालेल्या भांडणात एका कॅथलिकाने प्रॉटेस्टंट मनुष्याला मारले. राजाने आपल्या न्यायाने आरोपीस सोडले. लुगार्डने तो न्याय अमान्य केला, प्रॉटेस्टंट पक्षाला बंदुका वाटल्या आणि २४ जानेवारीस मेंगोच्या टेकडीवर उघड लढाई जुंपली. मॅक्झिमने निकाल लावला. कॅथलिक लोक राजासह सरोवरातील एका बेटावर पळाले. तेव्हा बेटावरही तोफ डागण्यात आली आणि नौकांतून पळताना पुष्कळजण बुडून मेले. म्वांगा काही आठवड्यांनी परत आला तो नावापुरता राजा म्हणून. कॅथलिकांच्या वाट्याला बुद्दू हा एक प्रांत आला. फ्रान्समध्ये या प्रकरणाचा मोठा गवगवा झाला. पाद्र्यांच्या तक्रारींवरून पॅरिसने लंडनला जाब विचारला आणि अखेर ब्रिटनला नुकसानभरपाई द्यावी लागली. लुगार्डने पक्षपात केला नाही असे त्याचे स्वतःचे म्हणणे आयुष्यभर होते. बंदुका कोणत्या पक्षाला मिळाल्या हे पाहता ते म्हणणे टिकत नाही.

इकडे कंपनीचे दिवाळे निघत आले होते आणि युगांडा सोडून देण्याचा हुकूम निघाला होता. १८९२ च्या शरद ऋतूत लुगार्ड इंग्लंडला पोचला आणि त्याच्यातील दुसरा मनुष्य जागा झाला. हा लाजरा, अबोल सेनाधिकारी गावोगावी व्याख्याने देत फिरू लागला. मिशनऱ्यांपुढे तो धर्माची आणि गुलाममुक्तीची भाषा बोले. व्यापाऱ्यांपुढे नव्या बाजारपेठांची आणि मुत्सद्द्यांपुढे नाईलची गोष्ट निघे. १८९३ मध्ये दोन जाड खंडांचा ग्रंथही त्याने प्रसिद्ध केला. लोकमत फिरले. १८९४ मध्ये युगांडा ब्रिटिश संरक्षित प्रदेश झाला. त्यानंतर ज्या आगगाडीचा आग्रह लुगार्ड धरीत होता ती मोंबासाहून सरोवराकडे बांधण्यात आली. १८९६ ते १९०१ या काळात ते लोहमार्ग घालण्यासाठी सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून नेण्यात आले आणि त्यांतील सुमारे अडीच हजार तिकडेच मेले. आफ्रिकेच्या वाटणीचा हा हिशेब मांडताना आपल्याकडील ही माणसे सहसा विसरली जातात. म्वांगाने १८९७ मध्ये बंड केले. तो आणि काबारेगा हे पूर्वीचे दोन वैरी १८९९ मध्ये एकत्र पकडले गेले आणि दोघांचीही रवानगी सेशेल्स बेटांवर झाली.

पूर्वेकडे जर्मनांशी शर्यत होती, तर पश्चिमेकडे फ्रेंचांशी. नायजर नदीच्या पश्चिमेस बोर्गू नावाचा प्रदेश आहे. त्याची राजधानी निक्की हिच्याशी आधी तह करील त्याचा प्रदेश, असे समीकरण होते. गोल्डीने १८९४ मध्ये लुगार्डला नेमले. त्याच सुमारास फ्रेंच कप्तान डेकर दहोमीच्या बाजूने निघाला. तापाने फणफणत, चिखल तुडवीत लुगार्ड ५ नोव्हेंबरला निक्कीला पोचला आणि १० तारखेस तह झाला. राजा स्वतः त्याच्यासमोर आलाच नाही. तहावर इमाम व दरबारी यांच्या खुणा घेण्यात आल्या. त्याच महिन्यात डेकर मोठ्या फौजेनिशी दाखल झाला आणि त्यानेही तह करून घेतला. परतीच्या वाटेवर लुगार्डच्या डोक्यात बाण घुसला. तो विषारी असल्याच्या भीतीने मिळेल ती मुळी आणि औषधे चावीत त्याने तो दिवस काढला. लंडनमध्ये त्याचा जयजयकार झाला. पण या शर्यतीचा शेवट फारसा सांगितला जात नाही. १४ जून १८९८ रोजी पॅरिसमध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी नायजरच्या सीमा ठरविल्या, तेव्हा निक्की फ्रान्सला मिळाली. आज ती बेनिन या देशात आहे. ज्या कागदासाठी एवढा जीव टाकला, तो वाटाघाटीच्या टेबलावरील एक सोंगटी ठरला.

या करारापूर्वीच वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेनने १८९७ मध्ये लुगार्डला कलहारीच्या वाळवंटातून परत बोलावून पश्चिम आफ्रिकेत सीमासैन्य उभारावयास सांगितले होते. हौसा जमातीचे शिपाई आणि इंग्रज अधिकारी अशा या पलटणी फ्रेंच ठाण्यांच्या समोर आपली ठाणी रोवू लागल्या. काही खेड्यांत दोन्ही निशाणे शेजारी शेजारी फडकत होती आणि एखाद्या उतावळ्या सार्जंटाच्या गोळीने युरोपात युद्ध पेटले असते. तसे झाले नाही याचे काही श्रेय लुगार्डच्या संयमाला दिले पाहिजे. याच सुमारास ‘टाइम्स’ या वृत्तपत्राच्या वसाहतविषयक संपादिका फ्लोरा शॉ यांनी नायजर नदीवरून या प्रदेशास ‘नायजेरिया’ असे नाव सुचविले. जानेवारी १८९७ मध्ये ते नाव प्रथम छापून आले. १९०२ मध्ये मादेरा बेटावर त्यांचा लुगार्डशी विवाह झाला. देशाला नाव देणारी स्त्री आणि देशाची चौकट ठोकणारा पुरुष असे हे दांपत्य. त्यांना अपत्य झाले नाही, पण त्यांचा संसार सुखाचा होता आणि लखनौची जखम या विवाहाने भरून निघाली.

१ जानेवारी १९०० रोजी लोकोजा येथे ब्रिटिश निशाण चढले आणि लुगार्ड उत्तर नायजेरियाचा हायकमिशनर झाला. अडीच लाख चौरस मैलांहून मोठा प्रदेश, तिजोरी जवळजवळ रिकामी, इंग्रज मुलकी अधिकारी मूठभर. समोर होती सोकोटोची खिलाफत. उस्मान दान फोदियो या विद्वान सुधारकाने १८०४ पासून चालविलेल्या धर्मयुद्धातून ती उभी राहिली होती. सोकोटोचा सुलतान, त्याच्याकडून वस्त्रे व निशाण घेऊन राज्य करणारे अमीर, काझींची न्यायालये, सारावसुली आणि अरबीतील पत्रव्यवहार, असा शंभर वर्षांचा जमलेला कारभार होता. लंडनमध्ये रेघा ओढून हा मुलूख ब्रिटिश प्रभावक्षेत्र ठरला होता. सुलतानाला ते कोणी विचारले नव्हते.

लुगार्डने एकेक अमीर उचलला. १९०१ मध्ये कोंटागोरा, बिदा आणि योला, त्यानंतर झारिया. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये केफी येथे मोलोनी नावाचा इंग्रज अधिकारी मारला गेला आणि मारेकऱ्यास कानोच्या अमीराने आश्रय दिला. लुगार्डला निमित्त मिळाले. लंडनचे वसाहतखाते युद्धास नाखूष होते. त्याला पुरती वर्दी लागण्याआधीच फौज निघालीही होती. कानोची मातीची तटबंदी सुमारे अकरा मैल घेराची आणि प्रचंड रुंदीची होती. आत लाखो रुपयांचा कापडव्यापार चाले. अमीर अलियू सोकोटोस गेला असता, सातशे-आठशे शिपायांच्या फौजेने ३ फेब्रुवारी १९०३ रोजी वेशीस खिंडार पाडून शहर घेतले. १५ मार्चला सोकोटोचाही पाडाव झाला.

सुलतान अत्ताहिरू शरण गेला नाही. तो पूर्वेच्या दिशेने, मक्केच्या वाटेने निघाला. गावागावांतून शेतकरी, विणकर, बायामुले त्याच्यामागे चालू लागली. गादी सोडलेल्या राजामागे जेवढे लोक गेले तेवढे नव्या राजाच्या दरबारात आले नाहीत, ही गोष्ट इंग्रजांना अस्वस्थ करणारी होती. त्यांनी त्याचा पिच्छा पुरविला आणि २७ जुलै १९०३ रोजी बुर्मी येथे शेकडो अनुयायांसह सुलतान मारला गेला. जे उरले ते चालतच राहिले आणि सुदानात जाऊन वसले. त्यांचे वंशज आजही तिकडे आहेत.

तत्पूर्वीच, मार्चमध्ये, लुगार्डने सोकोटो येथे त्याच राजघराण्यातील दुसऱ्या अत्ताहिरूला गादीवर बसविले होते. समारंभात झगा आणि पागोटे त्याला इंग्रजांच्या हातून मिळाले. धर्मात हात घालणार नाही, अमीर व काझी आपला कारभार पूर्ववत चालवितील, असे अभय दिले गेले. मात्र गादीवर कोणी बसावे हे यापुढे इंग्रज ठरविणार, कराचा ठरलेला हिस्सा सरकारजमा होणार, आणि प्रत्येक अमीराजवळ एक इंग्रज अधिकारी राहणार. त्या अधिकाऱ्याचे पदनाम होते रेसिडेंट.

या ठिकाणी संस्थानी मुलखात वाढलेल्या वाचकास थांबावेसे वाटेल. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील जुन्या पिढ्यांना हा शब्द आणि त्यामागील दाब समजावून सांगण्याची गरज नाही. तैनाती फौज, दरबारात रेसिडेंटची खुर्ची, दत्तकास मंजुरी, आणि मर्जी फिरली की पदच्युती. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर करण्यात आले ते याच व्यवस्थेत. लुगार्डने नवे काही शोधून काढले नव्हते. त्याच्या जन्माच्या आधीपासून हिंदुस्थानात जे चालले होते, त्याला त्याने आफ्रिकेत नियमांची शिस्त दिली. रेसिडेंटांसाठी त्याने तपशीलवार सूचनांचा ग्रंथच तयार केला आणि इतिहासात ‘अप्रत्यक्ष राज्यपद्धती’ या नावाशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. फरक एक मात्र होता. आपल्याकडे सयाजीरावांसारख्या राजाने त्या चौकटीतही शाळा आणि ग्रंथालये उभारून दाखविली. आपल्या रेसिडेंटांशी त्यांना त्यासाठी झगडावेही लागले. नायजेरियाच्या अमीरांना मात्र बदलण्यास वावच नव्हता. त्यांची उपयुक्तताच मुळी ते जसे होते तसे राहण्यात होती.

म्हणूनच गुलामगिरीचा प्रश्न येथे बोचतो. हाच मनुष्य गुलामांच्या व्यापाराविरुद्ध मरण्यासाठी आफ्रिकेत आला होता. उत्तर नायजेरियात त्या वेळी गुलामांची संख्या फार मोठी होती. लुगार्डने गुलामांसाठी छापे घालणे आणि त्यांची खरेदी-विक्री बंद केली. नव्याने जन्मलेल्या मुलांना स्वतंत्र ठरविले आणि गुलामगिरीचा कायदेशीर आधार काढून घेतला, हे खरे. परंतु असलेल्या गुलामांना त्याने मोकळे केले नाही. त्यांनी मालकास पैसे भरून स्वतःस सोडवून घ्यावे, पळून जाऊ नये, अशी व्यवस्था केली, आणि पळालेल्यांना जमीन मिळू नये अशा सूचना दिल्या. मालक म्हणजे तेच अमीर आणि सरदार, ज्यांच्या खांद्यावर राज्य उभे होते. उत्तर नायजेरियात गुलामगिरी पूर्णपणे बेकायदा ठरावयास १९३६ साल उजाडले. ज्या मिशनऱ्यांच्या बळावर युगांडा टिकविला, त्यांनाही आता अमीरांच्या मुलखात मज्जाव झाला.

या व्यवस्थेची कसोटी १९०६ मध्ये लागली. सोकोटोजवळील सातिरू या खेड्यात गरीब शेतकरी आणि पळालेले गुलाम एका धर्मनेत्याभोवती जमले होते. १४ फेब्रुवारीस त्यांनी इंग्रज तुकडीचा पराभव केला. इंग्रज अधिकारी मारले गेले. त्या घटकेस लुगार्डने निवडलेला सुलतान इंग्रजांच्या बाजूस उभा राहिला. १० मार्चला सातिरू उद्ध्वस्त करण्यात आले आणि सुमारे दोन हजार माणसे मारली गेली. कुऱ्हाडी आणि कुदळी घेतलेल्यांवर मॅक्झिम चालली होती. लंडनमध्ये नव्याने उपमंत्री झालेल्या विन्स्टन चर्चिललाही या काळातील लुगार्डच्या मोहिमांचा रक्तपात रुचला नाही. त्याच वर्षी लुगार्डने राजीनामा दिला.

१९०७ ते १९१२ तो हाँगकाँगचा गव्हर्नर होता. तेथील उल्लेखनीय काम म्हणजे विद्यापीठाची स्थापना. त्यासाठी मोठी देणगी देणारे सर होरमसजी मोदी हे मूळचे मुंबईचे पारशी व्यापारी. आफ्रिकेत सुशिक्षित वर्गाचा मनस्वी तिटकारा करणाऱ्या माणसाने चीनच्या किनाऱ्यावर विद्यापीठ उभारावे, हा विरोधाभास त्याचे चरित्रकारही नीट उलगडू शकलेले नाहीत.

१९१२ मध्ये त्याला पुन्हा नायजेरियात धाडण्यात आले ते उत्तर आणि दक्षिण या दोन वसाहती जोडण्यासाठी. उत्तरेचा खर्च भागत नव्हता. दक्षिणेकडे जकातीचे, विशेषतः आयात दारूवरील जकातीचे, उत्पन्न होते. दोन लोहमार्ग एकमेकांशी स्पर्धा करीत होते. १ जानेवारी १९१४ रोजी दोन्ही प्रदेश एक झाले. पण खजिना आणि आगगाडी यांपलीकडे ही एकी गेली नाही. उत्तरेचा कारभार उत्तरेसारखा आणि दक्षिणेचा दक्षिणेसारखा राहिला. दोहोंवर लुगार्ड एकटा, सारी सूत्रे हातात धरून, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत कागद लिहीत बसे. लागोसमधील वकील आणि वृत्तपत्रकार यांच्याशी त्याचे कधी जमले नाही. शिकलेला आफ्रिकी हा आपल्या लोकांचा प्रतिनिधीच नव्हे, असे त्याचे मत होते. आपल्याकडील गोरे अधिकारी राष्ट्रसभेच्या पुढाऱ्यांविषयी तेच म्हणत.

उत्तरेचा साचा त्याने दक्षिणेवर बसविला. एग्बा लोकांचे अबेओकुटा हे राज्य तहान्वये स्वायत्त होते. ती स्वायत्तता १९१४ मध्ये संपविण्यात आली. पुढे लादलेल्या करांविरुद्ध १९१८ मध्ये तेथे उठाव झाला आणि शेकडो माणसे मारली गेली. पूर्वेकडील इग्बो समाजात तर राजेच नव्हते. वडीलधारी मंडळी आणि गावसभा यांच्या विचाराने तेथे कारभार चाले. राजा नाही तर राजा तयार करावा, म्हणून सरकारी सनद देऊन प्रमुख नेमण्याची पूर्वीचीच चाल लुगार्डने पक्की केली. हे सनदी प्रमुख लाच खाऊ लागले, मुजोर झाले. १९२९ च्या अखेरीस, लुगार्ड निवृत्त होऊन दहा वर्षे लोटल्यावर, बायकांवरही कर बसणार या वार्तेने आबा जिल्ह्यातील हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या, प्रमुखांच्या टोप्या हिसकावू लागल्या, न्यायालये जाळू लागल्या. गोळीबारात पन्नासांहून अधिक स्त्रिया मेल्या. इंग्रज अधिकाऱ्यांना तेव्हा कोठे या समाजाचा अभ्यास करावा असे वाटले.

पहिल्या महायुद्धात नायजेरियाचे शिपाई जर्मनांच्या ताब्यातील कॅमेरूनवर आणि पुढे जर्मन पूर्व आफ्रिकेत लढले. जर्मनीच्या वसाहती गेल्या. १९१९ मध्ये लुगार्ड सेवानिवृत्त झाला आणि १९२२ मध्ये त्याचा ‘ड्युअल मँडेट’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. युरोप आफ्रिकेत आला तो स्वतःच्या उद्योगांच्या लाभासाठी आणि त्याबरोबरच तेथील लोकांच्या उन्नतीसाठी, ही दुहेरी जबाबदारी परस्परपूरक आहे, असा त्याचा सिद्धांत. निखळ परोपकाराचा दावा त्याने केला नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा मान्य करावा लागतो. दोन हितांचा संघर्ष झाला तर निवाडा कोणी करावयाचा, हे मात्र त्या जाडजूड ग्रंथात मिळत नाही. वसाहतींत जाणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या दोन पिढ्यांनी तो पोथीसारखा वाचला. १९२२ ते १९३६ तो राष्ट्रसंघाच्या जिनीव्हा येथील मँडेट आयोगावर ब्रिटिश सभासद होता आणि जर्मनीकडून काढून घेतलेल्या वसाहतींचे अहवाल तपाशीत असे. १९२६ च्या गुलामगिरीविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या पूर्वतयारीतही त्याने भाग घेतला. तरुणपणीचा संकल्प असा म्हातारपणी कागदावर फळला.

१९२८ मध्ये त्याला लॉर्डपद मिळाले. १९२९ च्या जानेवारीत फ्लोरा वारली. सरे परगण्यातील ॲबिंजर येथील घरात त्याने तिची खोली होती तशी ठेवली आणि आणखी सोळा वर्षे तो वाचन, लेखन आणि पत्रव्यवहार करीत राहिला. ११ एप्रिल १९४५ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी तो निधन पावला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मँचेस्टर येथे आफ्रिकी स्वातंत्र्यवाद्यांची परिषद भरली. क्वामे एन्क्रुमा आणि जोमो केन्याटा हे तिच्या कार्यकर्त्यांत होते. लुगार्ड ज्यांना कोणाचेच प्रतिनिधी मानीत नसे, त्या शिकलेल्या आफ्रिकी वर्गातील ही माणसे.

नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० रोजी आणि युगांडा ९ ऑक्टोबर १९६२ रोजी स्वतंत्र झाला. बुगांडाचे वेगळेपण आणि युगांडाचे सरकार यांचा संघर्ष १९६६ मध्ये कबाकाच्या राजवाड्यावर हल्ला होण्यापर्यंत गेला. नायजेरियात पूर्व प्रांताने १९६७ मध्ये बियाफ्रा म्हणून फुटून निघण्याचा प्रयत्न केला आणि १९७० पर्यंत चाललेल्या यादवीत व उपासमारीत लाखो जीव गेले. ज्या कंपाला टेकडीवर लुगार्डने न विचारता तळ ठोकला होता, तेथे २००७ पासून एक भव्य मशीद उभी आहे. कडुना येथील लुगार्ड सभागृहात राज्याची विधानसभा भरते. सोकोटोचा सुलतान आणि कानोचा अमीर आपापल्या वाड्यांत दरबार भरवितात, सणाच्या दिवशी घोडेस्वारांच्या मिरवणुका काढतात, आणि त्यांच्या नेमणुकीवर शेवटची सही राज्याच्या गव्हर्नराची असते.